मदत हवी आहे: थंडीत कढीपत्ता पिवळा पडतोय

नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या गच्चीवर कुंड्या आहेत. दिवाळीपर्यंत कढीपत्ता नुसता फोफावला होता. पहाटे पारा 10 अंशांपर्यंत उतरायला लागला तशी पानं पिवळी पडून गळताहेत, नवी पालवी बंद. कुंडी 12 इंची, ऊन दुपारी 2 पर्यंत. पाणी उन्हाळ्यासारखंच रोज घालत होते (चूक माझीच). आता माती बोटभर खोल कोरडी झाली तरच घालते. सासूबाई म्हणतात आंबट ताक घाल. मला थंडीत मुळं कुजायची भीती वाटते. घालू का? शेंडे आत्ता खुडावेत की फेब्रुवारीपर्यंत हात लावू नये?

शेजारच्या जास्वंदीवर मिलीबग (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) आहे, निंबोळी तेल फवारतेय. तो कढीपत्त्यावर येईल का?