ऑनलाइन समुदाय सांभाळण्याचा अनुभव ज्ञानव्यवस्थापनाच्या कामासाठी कसा मांडावा?

फोंडेकर:
सप्रेम नमस्कार. मी फोंड्यात राहतो आणि गेली 14 वर्षे संगणक-सेवेच्या क्षेत्रात काम करतो. दिवसा ग्राहकांच्या तक्रारी सोडवणे हे माझे वेतनाचे काम असले, तरी त्यांपैकी 9 वर्षे मी संध्याकाळच्या वेळात संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समुदायाचे संचालनही केले आहे. तेथे आलेल्या प्रश्नांची उत्तरे देणे, वाद मिटवणे, विखुरलेली उत्तरे एकत्र करून त्यांचे नीट लेख बनवणे आणि ते लेख वेळोवेळी दुरुस्त करणे, हे सर्व मी मनापासून केले. आता मला पूर्णवेळ ज्ञानव्यवस्थापनाच्या, म्हणजे संस्थेतील माणसांचे ज्ञान टिपून, जपून इतरांना उपलब्ध करून देण्याच्या कामाकडे वळायचे आहे. मात्र अलीकडे दोन मुलाखतींत मला सांगण्यात आले की हा छंद झाला, अनुभव नव्हे. सदस्यसंख्या आणि उत्तरांची संख्या मी अर्जात दिली होती, तिचा काहीही उपयोग झाला नाही. हा अनुभव कोणत्या रीतीने मांडावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वेर्ण्याहून:
मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात दस्तऐवज आणि प्रशिक्षण विभाग पाहतो व मुलाखतींनाही बसतो, म्हणून स्पष्ट लिहितो. आपण किती उत्तरे दिली, यावरून आपण मेहनती आहात एवढेच कळते. मला जाणून घ्यायचे असते ते असे की, एखाद्या माणसाच्या डोक्यात असलेली गोष्ट आपल्या हातून दुसऱ्याच्या कामात कशी उतरली आणि त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा कितीदा विचारला गेला. एकच प्रश्न निवडा आणि त्याचा संपूर्ण प्रवास सांगा.

ग्राहकसेवेच्या क्षेत्रात 1992 पासून विकसित होत आलेली ‘नॉलेज सेंटर्ड सर्व्हिस’ ही पद्धत आपण वाचली असेल. तक्रार सोडवतानाच लेख लिहावा आणि पुढचा माणूस तो वापरील तेव्हाच तो तपासलाही जावा, हा तिचा गाभा आहे. आपण नकळत तेच केले आहे, असे आपल्या वर्णनावरून वाटते. आणखी एक गोष्ट येथील कारखान्यांसाठी महत्त्वाची आहे. ‘आयएसओ 9001’ या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 7.1.6 हे कलम आले. प्रक्रिया चालवण्यासाठी लागणारे ज्ञान संस्थेने निश्चित करावे, जपावे आणि गरजेप्रमाणे उपलब्ध ठेवावे, अशी त्यात अपेक्षा आहे. जुना कामगार निवृत्त झाला की आमच्याकडे हे कलम एकदम आठवते. ज्या संस्थेकडे हे प्रमाणपत्र आहे तिथे अर्ज करताना आपले काम या कलमाशी जोडून दाखवावे.

पणजीची ग्रंथपाल:
वरील सल्ला योग्य आहे, तरी त्यात एक उणीव मला जाणवते. सगळे ज्ञान लेखात उतरते, असे गृहीत धरले की समुदाय सांभाळण्याचे मोल निम्म्यावर येते. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी 1966 मध्ये मांडले होते की माणूस जितके सांगू शकतो त्याहून अधिक त्याला ठाऊक असते. माणसे कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये शिंपी, सुईणी अशा व्यावसायिकांची उदाहरणे घेऊन दाखवले की नवशिका आधी कडेकडेची लहान कामे करतो आणि जाणत्यांच्या सहवासात हळूहळू त्या कामाचा पूर्ण भागीदार होतो. आपल्या गोव्यात यासाठी दूर जावे लागत नाही. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतील शेतीचे, बांध आणि मानस, म्हणजे भरतीचे खारे पाणी अडवणारी दारे, गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. बांध कुठे खचू पाहतो आहे हे ओळखण्याची नजर मात्र जाणत्यांबरोबर बांधावर उभे राहूनच आली.

झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्यांचा मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी केलेला अभ्यास मी अवश्य सुचवीन. हे लोक पुस्तिकेपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या हकिकतींवरून बिघाड शोधत, असे ऑर यांना आढळले. पुढे कंपनीने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभारली. तिच्यात तंत्रज्ञांनी पाठवलेल्या युक्त्या त्यांचेच सहकारी तपासत आणि युक्तीबरोबर ती देणाऱ्याचे नाव राही. त्या नावामुळेच माणसे आपले ज्ञान मोकळेपणाने देतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून मुलाखतीत लेखांबरोबर हेही सांगा की गप्प बसणाऱ्या सदस्याला आपण बोलते कसे केले आणि चूक दाखवणाऱ्याचा मान कसा राखला. हे जमणारी माणसे फार थोडी असतात.

मांडवीकाठ:
फक्त एक सावधगिरीची सूचना. समुदायातील संवाद नमुना म्हणून दाखवण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घ्यावी आणि खाजगी निरोप तर मुळीच दाखवू नयेत. सध्याच्या नोकरीतील अंतर्गत लेखांनाही हेच लागू आहे.

फोंडेकर:
आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, देव बरे करो. प्रवास सांगण्याजोगा प्रश्न मला सापडला आहे. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, आणताना अक्षरे का बिघडतात, हे आमच्याकडे सतत विचारले जाई. अनेक जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलट असते. एवढे लिहून मी लेख पूर्ण झाला असे समजलो होतो. तेव्हा एका निवृत्त मुद्रितशोधकांनी दाखवून दिले की माझ्या पद्धतीने ‘दऱ्या’ लिहिले असता ‘दर्या’ होते, म्हणजे डोंगरातील दऱ्यांचा थेट समुद्र होतो. ते एरवी कधी लिहीत नसत. मी त्यांना तो भाग स्वतः लिहिण्याची विनंती केली आणि लेखावर त्यांचे नाव घातले. त्यानंतर या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी माझी गरज उरली नाही, नवे सदस्यच एकमेकांना तो लेख दाखवू लागले.

लेखाच्या सर्व जुन्या आवृत्त्या माझ्याकडे आहेत. त्या मुलाखतीत दाखवण्यासाठी मुद्रितशोधकांची परवानगी मागणारे पत्र मी आजच लिहीत आहे.