तिसाव्या आठवड्यात पाणी गेलं, कळा नाहीत: रेफर करण्याआधी काय करायचं?

प्रश्न (वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र):
३० आठवडे, दुसरं बाळंतपण, पाणी जातंय पण कळा नाहीत. ताप नाही, बाळाचे ठोके १४४. जिल्हा रुग्णालय दोन तासांवर. डेक्साचा (डेक्सामेथासोन, बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणूनचं स्टेरॉइड) पहिला डोस इथेच द्यायचा हे नक्की. पण पी.व्ही. (बोटांनी आतून तपासणी) करावं का? कळा थांबवणारं निफेडिपिन देऊन पाठवावं का? अँटिबायोटिक कोणतं?

उत्तर १:
डॉक्टर, पी.व्ही. अजिबात नको. कळा नसताना बोट आत गेलं की योनीतले जंतू वर चढतात आणि पोटात राहण्याचे दिवस घटतात. निर्जंतुक स्पेक्युलम (योनी उघडून आत पाहण्याचं उपकरण) लावून तिला खोकायला सांगा. गर्भाशयाच्या तोंडातून पाणी येताना किंवा मागच्या कप्प्यात साचलेलं दिसलं की निदान झालं. तोंड किती उघडलंय आणि नाळ खाली आली आहे का, तेही तिथेच दिसतं. पाण्याने निळ्या होणाऱ्या लिटमस कागदावर एकट्यावर विसंबू नका, रक्त किंवा वीर्य असलं तरी तो निळा होतो.

डेक्सात चूक होते ती मापात. २ मिलीच्या व्हायलमध्ये प्रति मिली ४ मिग्रॅ असतं, म्हणजे ६ मिग्रॅसाठी १.५ मिली. घाईत अख्खी व्हायल ओढली जाते. मांडीत, स्नायूत खोल द्या. दर १२ तासांनी एक, असे एकूण ४ डोस. चिठ्ठीवर तारखेसोबत वेळही लिहा, नाहीतर पुढे कोर्स पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

उत्तर २:
कळाच नाहीत, तर निफेडिपिन कशाला? कळा असत्या, ताप-रक्तस्राव नसता आणि बीपी ठीक असतं, तर स्टेरॉइडला ४८ तास मिळावेत म्हणून २० मिग्रॅ तोंडाने दिलं असतं. जिभेखाली कधीच नाही, बीपी धाडकन पडतं.

अँटिबायोटिक: एरिथ्रोमायसिन २५० मिग्रॅ, दिवसातून ४ वेळा, १० दिवस. को-अमॉक्सिक्लॅव हाताशी असलं तरी देऊ नका; २००१च्या ओरॅकल चाचणीत त्याने नवजातांच्या आतड्याचा गंभीर आजार (एनईसी) वाढलेला दिसला. आणि पाणी शाबूत असून फक्त कळा असतील, तर संसर्गाच्या खुणांशिवाय अँटिबायोटिक नको.

मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी) ३२ आठवड्यांच्या आत, तेही २४ तासांत प्रसूती होईल असं दिसलं तरच. त्यामुळे आत्ता नाही.

प्रश्नकर्ती:
वाटेत कळा सुरू झाल्या आणि तासाभरात होईल असं वाटलं, तर डेक्साचा उपयोग राहतो का?

उत्तर ३:
एका डोसचाही उपयोग होतो, म्हणून आत्ताच द्या. पण आठवडे शेवटच्या पाळीवरून आणि पहिल्या सोनोग्राफीवरून ताडून घ्या. पाणी गेल्यावर पोटाची उंची कमी भरते, त्यावरून हिशेब चुकतो.

निघण्याआधी ताप, नाडी, ठोके आणि पॅडचा वास पाहा. ताप ३८° सेल्सिअस किंवा जास्त, नाडी १००च्या वर, ठोके १६०च्या वर, पोट दाबल्यावर दुखणं, पाण्याला घाण वास: यांवरून संसर्ग वाटला, तर दिवस वाढवण्याचा विचार सोडा. शिरेतून अँपिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करा, आठवडे कितीही असोत, प्रसूती लवकर व्हायला हवी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरून मात्र ठरवू नका, डेक्सानंतर त्या वाढतातच.

१०८मध्ये डाव्या कुशीवर झोपवा. सोबत प्रसूती किट, बाळाला श्वास देण्याचा अँबू बॅग-मास्क आणि कोरडे, उबदार कपडे ठेवा. निघण्याआधी फोन करून एसएनसीयूत (आजारी नवजातांच्या विशेष कक्षात) खाट आहे का विचारा. नसेल तर गाडी जिथे खाट आहे तिथेच वळवा. जन्मल्यावर बाळाला हलवणं जास्त धोक्याचं.