महाविद्यालयाच्या फुटबॉल प्रशिक्षकांकडून यंदाच्या हंगामात नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

प्रश्न : राखीव बाक

नमस्कार. कोल्हापुरातील एका महाविद्यालयाचा मी माजी विद्यार्थी आहे. आमच्या वेळच्या संघात दोन वर्षे राखीव खेळाडूंच्या बाकावर बसण्याचा आणि सगळी मिळून चाळीसेक मिनिटे मैदानावर धावण्याचा मान मला मिळाला होता; फुटबॉलमधील माझी पात्रता एवढीच. गेली तीन वर्षे आम्ही काही माजी विद्यार्थी वर्गणी काढून संघाच्या किटचा, सरावानंतरच्या अंडी-केळ्यांचा आणि बाहेरगावच्या प्रवासाचा खर्च उचलत आहोत. पैसे देऊ लागल्यावर मत देण्याचा अधिकारही आपोआप आल्यासारखा वाटतो, आणि त्यातूनच हा प्रश्न उभा राहिला आहे.

सध्याच्या प्रशिक्षकांचे हे दुसरे वर्ष आहे. ते मानधनावर काम करतात आणि तेही वर्षातील काही महिन्यांपुरतेच. पहिल्या वर्षी त्यांच्या संघाने विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली आणि तेथे टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकवर, हार पत्करली. त्या एका निकालावरून आमच्या गटात दोन तट पडले आहेत. यंदा विभागीय विजेतेपद मिळालेच पाहिजे, अन्यथा प्रशिक्षक बदलावा, असे एका तटाचे म्हणणे आहे. दुसऱ्या तटाला विजेतेपदाशी फारसे कर्तव्य नाही. रस्त्यापलीकडच्या महाविद्यालयाला हरवले की त्यांचे वर्ष सार्थकी लागते. येत्या रविवारी बैठक असून हंगामाचे उद्दिष्ट लेखी स्वरूपात प्रशिक्षकांना देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या कागदावर काय लिहिणे न्याय्य ठरेल? महाविद्यालयाचे आणि प्रशिक्षकांचे नाव मी हेतुपुरस्सर लिहिलेले नाही, आणि कोणी ओळखले तरी कृपया येथे लिहू नये.

प्रतिसाद १ : उजवी बगल

विजेतेपद लिहा, दुसरे काही लिहू नका.

पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी अशा गावातील तालीम-मंडळांच्या फुटबॉल संघांचे सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर पाहत जे वाढले, त्यांना ‘चांगला खेळलो पण हरलो’ हे वाक्य कधी पटलेले नाही आणि पटू नये. या गावात येथील फुटबॉल चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. तालमीचा संघ हरला तर दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेलेल्या माणसालाही त्याचा हिशेब द्यावा लागतो. महाविद्यालयाच्या संघाला तेवढा धाक नसतो म्हणूनच तो ढिला पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधने कमी आहेत ही सबबही मला मान्य नाही. प्रशिक्षक खालिद जमील यांनी २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीगचे, म्हणजे देशातील तेव्हाच्या अव्वल साखळी स्पर्धेचे, विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा तो संघ आदल्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता आणि केवळ फेरनिर्णयामुळे स्पर्धेत परत आला होता. मोहन बागानसारख्या धनाढ्य संघाला त्यांनी एका गुणाने मागे टाकले. ज्याला करायचे असते तो करतो.

प्रतिसाद २ : जुना गोलरक्षक

मी एकेकाळी विद्यापीठाच्या संघातून खेळलो असून आता एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

‘उजवी बगल’ यांनी आयझॉलचे उदाहरण दिले ते खरेच आहे, पण ते अर्धे आहे. आयझॉलला जाण्यापूर्वी खालिद जमील सुमारे सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते; तेथे विजेतेपद कधी मिळाले नाही आणि शेवटी त्यांना तो संघ सोडावा लागला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या काफा नेशन्स चषकात ओमानला टायब्रेकरवर नमवून भारताने तिसरे स्थान मिळवले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून २-१ अशी हार झाली, २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले आणि त्याच लोकांनी तोंड फिरवले. सव्वा महिन्यात माणसाची बुद्धी किती बदलली असेल? टायब्रेकर तुमच्या बाजूने गेला की प्रशिक्षक हुशार आणि विरुद्ध गेला की बिनकामाचा, हे मोजमाप मला गोलरक्षक म्हणून तर मुळीच मान्य नाही, कारण मी दोन्ही बाजूंनी तो अनुभव घेतला आहे.

आता महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाच्या हातात काय असते ते पाहू. खेळाडू त्याने निवडलेले नसतात. ते प्रवेशप्रक्रियेने निवडलेले असतात. बारावीनंतर मुलगा अभियांत्रिकीला जाणार की वाणिज्य शाखेला, हे घरी ठरते आणि त्यानुसार संघाला डावा बचावपटू मिळतो किंवा मिळत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडूचे वय १ जुलै रोजी १७ ते २५ च्या दरम्यान असावे लागते. कागदावर ही आठ वर्षे दिसतात, प्रत्यक्षात चांगला मुलगा तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतो. प्रथम वर्षाचे प्रवेश रेंगाळत संपतात, तोवर स्पर्धा तोंडावर आलेली असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस असा पडतो की गांधी मैदानाचे तळे होते, आणि टर्फ भाड्याने घ्यायचे तर ताशी दर पाहून जिमखान्याचा कारकून चष्मा काढून पुन्हा आकडा वाचतो.

यात सर्वांत नाजूक भाग तालमीचा आहे. महाविद्यालयाच्या संघातील निम्म्याहून अधिक मुले कोणत्या ना कोणत्या पेठेच्या संघात नोंदलेली असतात. जो मुलगा सकाळी महाविद्यालयाच्या सरावाला येतो तोच संध्याकाळी तालमीच्या सरावाला जातो, आणि मांडीचा स्नायू दुखावला तर दोन्हीकडे सांगत नाही, कारण दोन्हीकडे जागा जाण्याची भीती असते. तालमीचा आणि महाविद्यालयाचा सामना एकाच आठवड्यात आला तर मुलगा कोठे जीव तोडून खेळेल, हे कोल्हापुरात सांगण्याची गरज नाही. येथे धाक कमी पडतो असे नाही, ‘उजवी बगल’. तो दोन ठिकाणांहून येतो आणि मुलगा मध्ये सापडतो.

म्हणून माझी सूचना अशी की कागदावर चषकाचे नाव लिहू नये. प्रशिक्षकाच्या हातात जे आहे तेवढेच मागावे. कॉर्नरवर आपला बचाव कसा उभा राहतो, पहिल्या खांबाजवळ कोण आणि सुटलेल्या चेंडूवर कोण, हे ठरलेले दिसते का? शेवटच्या वीस मिनिटांत संघ धावतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? पंचांशी हुज्जत घालून मिळालेली पिवळी कार्डे गेल्या वर्षापेक्षा कमी झाली का? विद्यापीठाच्या निवड चाचणीला किती मुले पाठवली आणि त्यांतील किती टिकली? हे सारे मैदानाच्या कडेला वही घेऊन बसणाऱ्या कोणत्याही माजी विद्यार्थ्याला मोजता येते. बाकावर बसण्याचा अनुभव आपल्याला आहेच, असे मी आदराने सुचवतो.

प्रतिसाद ३ : ओहायोतील कोल्हापूरकर

माझे लहानपण मंगळवार पेठेत गेले आणि गेली अनेक वर्षे मी ओहायोत राहतो. येथे ‘कॉलेज फुटबॉल’ म्हटले की अंडाकृती चेंडूचा, हाताने फेकायचा खेळ, त्यामुळे तुलना जपून करावी लागेल. तरीही रस्त्यापलीकडच्या महाविद्यालयाचा उल्लेख वाचून राहवले नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि मिशिगन विद्यापीठाशी असलेले त्यांचे वैर पेठापेठांतील वैराला लाजवील असे आहे. प्रशिक्षक रायन डे यांचा संघ मिशिगनकडून २०२१, २०२२ आणि २०२३ मध्ये हरला होता. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, हंगामात आधीच पाच सामने गमावलेल्या मिशिगनने त्यांना त्यांच्याच मैदानावर १३-१० असे पुन्हा हरवले. त्या रात्री माझ्या शेजाऱ्याने अंगणातील संघाचा झेंडा उतरवला आणि प्रशिक्षकाला घालवा, असे उघड बोलणारी माणसे मला किराणा दुकानातही भेटली. त्या वर्षापासून राष्ट्रीय विजेतेपदाच्या बादफेरीत चारऐवजी बारा संघ घेण्यास सुरुवात झाली होती, म्हणून त्यांना पुढे खेळता आले. आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामला ३४-२३ असे हरवून तोच संघ देशाचा विजेता ठरला. म्हणजे तुमच्या दोन तटांपैकी एकाच्या मोजपट्टीने तो प्रशिक्षक नापास आणि दुसऱ्याच्या मोजपट्टीने पहिला, तेही एकाच हंगामात. शेजाऱ्याचा झेंडा परत चढला, हे सांगायला नकोच.

एका वर्षात चमत्कार येथेही होतात. इंडियाना विद्यापीठाने २०२३ मध्ये तीन सामने जिंकून नऊ गमावले होते. कर्ट सिग्नेटी आले आणि २०२४ मध्ये अकरा जिंकले. मात्र ते आपल्या आधीच्या विद्यापीठातून डझनभर खेळाडू सोबत घेऊन आले होते, कारण येथे खेळाडूंना विद्यापीठ बदलणे आता सोपे झाले आहे. तुमच्या प्रशिक्षकांना सोबत बारा मुले आणण्याची मुभा प्राचार्य देणार असतील, तर विजेतेपद अवश्य लिहावे.

प्रतिसाद ४ : तृतीय वर्ष, वाणिज्य

मी आपल्या संघात नाही, पण दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या संघात मध्यरक्षक आहे. वडीलधाऱ्यांच्या चर्चेत बोलत आहे, चुकले तर माफ करावे.

आमच्याकडे गेल्या वर्षी असेच एक उद्दिष्ट लिहून दिले गेले होते. ते सरांना दिले होते, पण दोन दिवसांत ते आमच्या मोबाइलवर फिरू लागले. त्यानंतर सरांनी प्रथम वर्षाच्या एकाही मुलाला खेळवले नाही, कारण धोका पत्करण्याची सोयच उरली नव्हती. आम्ही जुनेच अकरा जण प्रत्येक सामना खेळलो, तिसऱ्या सामन्यापर्यंत दोघे लंगडत होते, आणि यंदा आम्ही तिघे-चौघे बाहेर पडलो की संघात अनुभवी कोणीच राहणार नाही. ‘जुना गोलरक्षक’ यांनी सांगितलेल्या गोष्टींत एक भर घालावी, अशी विनंती आहे : प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या मुलांना किती मिनिटे मिळाली, तेही मोजावे.

तालमीबद्दल लिहिले ते अगदी खरे आहे. आमच्या सरांनी तालमीच्या वस्तादांना आणि संघव्यवस्थापकांना एकदा चहाला बोलावून दोन्हीकडच्या सरावाचे दिवस वाटून घेतले होते, त्या महिन्यात कोणीही जखमी झाले नाही. पुढे ती बैठक पुन्हा झाली नाही.

प्रतिसाद ५ : उजवी बगल

मिनिटांचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो मान्य करतो. तालमीच्या लोकांना चहाला बोलावण्याचे काम मात्र प्रशिक्षकांवर टाकू नये. ते पेठेत ज्यांचे ऐकले जाते अशा माजी विद्यार्थ्यांनी करावे. माझ्या ओळखीचे दोन व्यवस्थापक आहेत, हवे असल्यास शब्द टाकतो.

बाकी माझे मत कायम आहे. कॉर्नरवरचा बचाव सुधारला म्हणून कोणी गुलाल उधळल्याचे मी पाहिलेले नाही. कागदावर चषक नसला तरी तो मुलांच्या मनात असलाच पाहिजे, आणि तो तेथे ठेवणे हेही प्रशिक्षकाचेच काम आहे.

प्रश्नकर्ता : राखीव बाक

सर्वांचे आभार. बैठक काल झाली. पावणेदोन तासांपैकी एक तास रस्त्यापलीकडच्या महाविद्यालयावरच गेला, तरी शेवटी कागदावर चषकाचा उल्लेख न करण्यावर बहुमत झाले. कॉर्नर, शेवटची वीस मिनिटे, पिवळी कार्डे, निवड चाचणी आणि कनिष्ठ मुलांची मिनिटे एवढेच लिहिले आहे, आणि वही घेऊन बसण्याची जबाबदारी अपेक्षेप्रमाणे माझ्यावर आली आहे. ‘उजवी बगल’ यांनी त्या दोन व्यवस्थापकांशी कृपया बोलावे, चहा आमच्याकडून.

आज सकाळी मी तो कागद प्रशिक्षकांना नेऊन दिला. त्यांनी तो मैदानावरच उभ्याने वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, “सव्वीस मुले आहेत आणि चेंडू सहा, त्यांतील दोन तासाभरात हवा सोडतात. याबद्दल बैठकीत काही ठरले का?” ठरले नव्हते. कोल्हापुरात किंवा सांगलीत पाच क्रमांकाचे, ओल्या मैदानावर टिकणारे चेंडू डझनाच्या दराने कोठे मिळतील, हे कोणाला ठाऊक असल्यास येथे कळवावे.