अनुभव धागा: गावातल्या सणानं, कलेनं तुमच्यात काय फरक पडला? खान्देशकरांनो लिहा

श्रावणातला कानबाईचा सण होऊन गेला, प्रसादाचे रोट संपले, पुण्या-सुरतेहून आलेले भाऊबंद परत गेले आणि आमच्या ग्रुपवर तेच ते 'आपली संस्कृती जपा'वाले फॉरवर्ड सुरू झाले. म्हटलं त्यापेक्षा धागा काढू. अट एकच, संस्कृती किती थोर ते लिहायचं नाही. तुमच्या वाट्याला काय काम आलं आणि ते करता करता तुमचं काय झालं तेवढंच लिहा. अहिराणी, लेवा, पावरी, कशातही लिहा.

धुळ्याची सून
मी नगरची, लग्न होऊन धुळ्यात आले. नागपंचमीनंतरचा रविवार आला आणि घर माणसांनी भरलं. आमच्याकडे रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात, पोरींच्या नावानं नाही, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. मोठ्या जावेला बोलले तर म्हणे, "मंग तू सांग ना आजीले." ते अजून जमलेलं नाही. पण रात्री जागरणाला गाणी सुरू झाली, मला अहिराणीचं ओ का ठो कळत नव्हतं, मी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली, तर चुलतसासूबाईंनी हात धरून शेजारी बसवलं, "म्हन मन्हा मांगे. तुना गया चांगला शे, लाजस कसाले?" गळा चांगला आहे असं मला आयुष्यात कोणी म्हणालं नव्हतं हो. आता पहिली ओळ मीच उचलते, सोमवारी विसर्जनाला पांझरा नदीवर जातानासुद्धा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मात्र अजून गप्पच असते, खोटं कशाला सांगू.

असोदा रोड
आमची आई अंगठा लावते. बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हतं, १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला कवितांचं पुस्तक आलं, मुलानं नि त्याच्या मावसभावानं वेळोवेळी लिहून ठेवलं होतं म्हणून आलं, हे शाळेत पाठ केलेलं पण डोक्यात शिरलं नव्हतं. नोकरी गेली, पुण्याहून घरी येऊन बसलो, दिवसभर तोंड लपवायचो. एकदा आई भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता काहीतरी गुणगुणत होती, विचारलं तर "मले काय येतं रे" म्हणाली. येत किती होतं! मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागलो तर शेजारच्या बाया येऊन बसायला लागल्या, मग कोणाची ओवी खरी यावरून भांडणं, मग चहा. ज्या ओट्यावर 'काय रे, नोकरीचं काय झालं?' विचारतील म्हणून मी जात नव्हतो, त्याच ओट्यावर आता "रेकॉर्डिंगवाला आला का" म्हणतात. नोकरी लागली नंतर, जळगावातच, कमी पगाराची. रविवार रेकॉर्डिंगचा.

खापर
पुरणाच्या मांड्यांचं लिहिते, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्यांचं. नवरा गेल्यावर आमच्या भागात बाईला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही, बोलवणारेही चाचरतात, मीच जाणं बंद केलं. बचत गटातल्या एका मावशीनं लग्नाच्या मांड्यांच्या ऑर्डरला हाताखाली नेलं. आता पुरणाचा मांडा ज्यांनी केला नाही त्यांना सांगते, कणिक पोळीसारखी नसते, पाणी लावून लावून इतकी तिंबायची की उचलली तर हातातून ओघळायला पाहिजे. पुरण भरून गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर फिरवत मोठा करायचा, मनगटावरून कोपरापर्यंत येतो, बोट गेलं की भोक पडलं. मग खाली चूल पेटलेली, तिच्यावर पालथं मातीचं खापर, त्यावर एका झटक्यात टाकायचा, दंडापर्यंत वाफ लागते. त्या धगीत तुमच्या गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही हे कोण बघतं? मांडा फाटला का एवढंच बघतात. मावशी शिव्या पण देते. मला त्या शिव्यांचं फार बरं वाटलं, कारण घरी सगळे माझ्याशी काच फुटेल असं बोलायचे. आता सिझनला ऑर्डर मी घेते, हाताखाली दोन पोरी असतात. हळदीकुंकवाचं बोलावणं येतं हल्ली, जायचं का नाही ते मी ठरवते.

चाळीसगाव जंक्शन
थोडक्यात लिहितो. स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं घर शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, तेव्हा कंटाळा आला होता. मोबाईलवर फोटो काढायला लागल्यावर परत गेलो. माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही आणि टेबलावर घरातल्या वस्तू मांडून अख्खे देखावे उभे करायचा. मी महागडा कॅमेरा नाही म्हणून रडत होतो. घरी येऊन कापूस आणि बाजरीचं पीठ घेऊन बसलो, आईनं पिठावरून झापलं, पण फोटो बरा आला. आम्ही काही पोरं आता महिन्यातून एकदा कोणाच्यातरी गच्चीवर जमतो.

रोखठोक
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आमच्या गावात कानबाईच्या मिरवणुकीत डीजे लागतो, गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मागं राहतात, आणि वर्गणी दिली नाही की नाव बोर्डावरून गायब. यात कसला व्यक्तिमत्त्व विकास? मी चार वर्षांपासून जात नाही, झोप चांगली लागते.

धुळ्याची सून
@रोखठोक डीजेचं अगदी बरोबर. आमच्या गल्लीत बायांनीच बंद करायला लावला, म्हणजे डीजेच्या गाडीपुढं बसकण मारून गायला लागल्या. करून बघा.

सातपुडा पोस्टिंग
मी मूळचा विदर्भाचा, धडगावकडे शिक्षक. पहिली दोन वर्षं बदलीचे अर्ज करण्यात गेली. मग वर्गातला एक पोरगा होळीच्या आधी खाली झोपतो, खाटेवर बसत नाही, म्हणून विचारलं, तर घरात व्रत पाळणं चालू होतं. त्याच्या बापानं काठी गावच्या राजवाडी होळीला नेलं. रात्रभर ढोल, कमरेला भोपळे नि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे टोप, पहाटे होळी पेटते. ना स्टेज ना सत्कार. मला नाचता येत नाही हे सांगायची सोयच नव्हती, दोन्हीकडून लोकांनी हात धरलेले, पाय आपोआप पडायला लागले. सोमवारी वर्गात पोरांनी माझ्या नाचाची नक्कल केली, पोटभर हसले, आणि त्या दिवसापासून मला पावरी शब्द शिकवायला लागले. आता वर्गात पहिला तास त्यांच्या बोलीत घेतो, उच्चार चुकले की मागच्या बाकावरून लगेच दुरुस्ती येते. बदलीचा अर्ज यंदा भरलेला नाही, बायको म्हणते भर.

असोदा रोड
@सातपुडा पोस्टिंग सर, पोरांच्या आज्यांची गाणी रेकॉर्ड करायची असतील तर सांगा, माझ्याकडे एक जास्तीचा माईक पडून आहे. दिवाळीच्या सुट्टीत येऊ शकतो. आणि खापर ताई, मांड्यांची ऑर्डर जळगावात पोचवता का?