वाचन शिकवायला नवी आवृत्ती कशाला?

खडूफळा : काल एकांनी लिहिलं, “पहिलीच्या वाचनाच्या त्या हस्तपुस्तकाची जुनी आवृत्ती वापरणारा शिक्षक मुलांचं नुकसान करतो.” डोक्यातच गेलं. माझ्याकडे जुन्या प्रतीची झेरॉक्स आहे, स्पायरल लावलेली. बावीस वर्षं तिच्यावर पोरं वाचती केली. ग म भ न घ्यायचं, दोन आठवड्यांत मन, नभ, गगन. नव्या आवृत्तीत क उलटा वाचतात का? ४८० रुपये, तेही पदरचे!

सातपुडा : सर, ती पोस्ट माझीच. शब्द कडक झाला, पण मागे घेणार नाही. माझ्या वर्गातली मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. जुनं पुस्तक धरूनच चालतं की पोराला मराठी येतं. ‘नभ’ खणखणीत वाचतं, अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडे बघतं. आणि नभ मराठी पोराच्या घरी तरी कोण बोलतं? नव्या आवृत्तीत आधी चित्रावर त्यांच्या बोलीत गप्पा, मग अक्षर. चाळीसेक पानं आहेत. ती हाती यायच्या आधीची दोन वर्षं मी वाया घालवली.

निवृत्त मास्तर : खडूफळा, तुमच्या प्रतीत बाराखडी आहे की चौदाखडी? एवढंच सांगा.

खडूफळा : बाराखडी. ॲ, ऑ मी फळ्यावर लिहून देतो. त्याचे ४८०?

निवृत्त मास्तर : २००९चा शासन निर्णय आहे. ॲ, ऑ वर्णमालेत आले. पाकळीचा ल, देठाचा श त्यातलेच. २०२२ला पुन्हा निर्णय काढावा लागला, तुमच्यासारख्यांमुळे.

दोन पोरांची आई : ल वरून आठवलं. माझ्या मुलीने पाकळीऐवजी दांड्याचा, हिंदीसारखा ल काढला म्हणून गुण कापले. घरी आली ती रडतच.

निवृत्त मास्तर : बरोबर कापले.

दोन पोरांची आई : सहा वर्षांच्या मुलीचे? तिला फोनवर, दुकानाच्या पाटीवर तोच ल दिसतो. तुम्ही आत्ता जे टाइपलंत त्यात कोणता ल उमटलाय, बघा जरा.

निवृत्त मास्तर : फाँटचं पाप माझ्या माथी मारू नका.

दोन पोरांची आई : मग मुलीच्या माथी का मारलंत?

सातपुडा : अहो, विषय वाचनाचा आहे!

बदलीग्रस्त : वाचनाला वेळ आहे कुणाला? निपुण भारत हे केंद्राचं वाचन-गणिताचं अभियान २०२१ला आलं, २०२६-२७पर्यंत तिसरीचं प्रत्येक मूल वाचतं करायचंय. आम्ही फोटो चढवतोय. आणि नवं म्हणजे चांगलं, हे मला सांगू नका. २०१९ला दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसऐवजी ‘वीस एक, वीस दोन’ आलं, तेव्हा पालकांच्या शिव्या मी खाल्ल्या.

सातपुडा : माझ्या पोरांना ‘वीस एक’ लगेच जमलं. असो, नवा फाटा नको.

खडूफळा : मॅडम, ती चाळीस पानं तेवढी पाठवा. बाकीचं नवं ज्ञान राहू द्या तुमच्याकडेच.

सातपुडा : झेरॉक्स पाठवते. स्पायरल तुमचं तुम्ही लावा.

निवृत्त मास्तर : त्यात ल कोणता छापलाय?