धरणाकाठची मच्छी आणि ती रांधणारी घरं : तुमचे अनुभव लिहा

खान्देशाला समुद्र नाही, पण जिथे पाणी अडलंय तिथे काठावर मच्छीचं हॉटेल आहेच. पत्र्याची शेड, चूल, बाजूला वाळत घातलेली जाळी. गल्ल्यावरच्या माणसाला गाव विचारलं की बहुतेकदा तो दुसरीकडचा निघतो. तुम्ही कुठे जेवलात, आणि ती माणसं कुठून आली होती? चव लिहाच, पण घरही लिहा.

हतनूरजवळून
आमचंच हॉटेल आहे, म्हणून नाव सांगत नाही. आम्ही भोई. आजोबा बऱ्हाणपूरकडचे. पाणी ओसरलं की तापीच्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावायच्या, असं करत करत ते खाली सरकले. हतनूरचं धरण झालं आणि वाळूच बुडाली. वाड्या गेल्या, जाळं मात्र घरात होतंच. धरण बघायला येणारे लोक आजीकडे कालवण मागायचे. आधी ती फुकट वाढायची, मग आजोबांनी दोन बाकडी टाकली. मसाला अजून घरीच होतो, कांदा-खोबरं पार काळं होईपर्यंत भाजून. सोबत कळण्याची भाकरी. चपाती मागणाऱ्याकडे आई अजूनही जरा रागानेच बघते.

नवापूर
उकाई धरण गुजरातेत, १९७२ साली पूर्ण झालं. फुगवटा मात्र आमच्या तालुक्यात. बाबांची जमीन त्यात गेली. आम्ही फार लांबून आलो नाही, फक्त वरच्या टेकाडावर सरकलो, तरी नांगर धरणाऱ्या माणसाला होडी वल्हवायला शिकावं लागलंच. चुलतभाऊ आता हायवेला मासे तळतो. गिऱ्हाईक निम्मं सुरतेकडचं, ते तिखट कमी करायला सांगतं. तो 'हो' म्हणतो आणि करत नाही.

जळगाव
माणसांचं सोडा, मासे तरी कुठे इथले आहेत? रोहू-कटला मूळचे गंगेकडचे, मत्स्यबीज सोडून धरणात वाढवलेले. चिलापी तर थेट आफ्रिकेची. आणि धरणावर बसून सुरमई मागवणाऱ्यांना माझा नमस्कार. ती बर्फातून येते, भाऊ!

भुसावळ
सासरे रेल्वेत होते, मूळचे कोट्टायमचे. हतनूरला गेलो की सासूबाई पिशवीतून कुडमपुळी घेऊन जायच्या आणि हॉटेलवालीला हातात द्यायच्या, "हे टाक." आमसुलासारखंच आंबट, पण धुरकट. ती बाई हसून टाकायची, पण आमच्याच पातेल्यात. खोबरं दोघींकडे होतं. एकीचं ओलं वाटलेलं, दुसरीचं सुकं भाजलेलं, आणि यावरून दोघींचं कधीच पटलं नाही. मला विचाराल तर मरळीला काळा मसालाच हवा. कटल्याला सासूबाईंची आमटी.

प्रकाशा
तापी-गोमाईच्या संगमावर दर्शनाला येणारे बरेच जण त्या दिवशी मच्छी खात नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच गाड्या सारंगखेड्याच्या वाटेवर थांबलेल्या दिसतात. कोणी तिथली वाम खाल्लीय का? काटे किती?