मदत हवी आहे: एक्स्टर्नल हार्ड डिस्क कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाहीये

नमस्कार मंडळी, २ टीबीची अडीच इंची एक्स्टर्नल डिस्क आहे, वेगळा अडॅप्टर नाही, यूएसबीवरच चालते. लावली की लाइट लागतो, आत फिरतेय हे हाताला जाणवतं, टकटक आवाज अजिबात नाही, पण ड्राइव्ह काही येत नाही.

केबल बदलून झाली, हब काढून डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावून झाली, दुसऱ्या लॅपटॉपवर पण तेच. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'नॉट इनिशियलाइज्ड' (म्हणजे डिस्क वापरायला तयार केलेली नाही) येतं, साइझ दाखवतच नाही, इनिशियलाइज करू का विचारतं ते कॅन्सल केलं. लिनक्स लावून बघितलं तर डिस्क दिसते पण साइझ ० बाइट. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल), फॉरमॅट यातलं काहीही मुद्दामच केलेलं नाही, कारण डिस्कच जात असेल तर चेकडिस्कने उरलंसुरलंही जायचं. डिस्क परत वापरायची नाहीये, आतले घरचे फोटो हवेत, बाकी काही नाही, त्यामुळे वॉरंटीत नवीन बदलून मिळेल वगैरे उपाय नकोत.

आता केसिंग उघडून आतली डिस्क थेट साटा पोर्टला (कॉम्प्युटरच्या आतल्या हार्ड डिस्क जोडतात तो) लावावी असं डोक्यात आहे, म्हणजे फक्त यूएसबीचं सर्किट गेलं असेल तर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून डेटा कॉपी करणारं टूल) आधी पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब कॉपी, काढता येईल. पण काही डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट मेन बोर्डवरच असतो, साटा नसतोच, आणि काहींचं सर्किट डेटा एन्क्रिप्ट करतं (सांकेतिक रूपात लॉक करतं) म्हणे, मग थेट लावूनही काही वाचता येत नाही. तर केसिंग न उघडता हे ओळखायचं कसं? आणि ० बाइट दिसतंय म्हणजे सर्किट गेलंय की डिस्कच?